स्पोर्ट पायलटचे नियम: अमेरिकेत लाइट स्पोर्ट विमान उडवण्याआधी काय काय तपासायचं

विमान स्पोर्ट पायलटला चालतं, म्हणजे आजचं उड्डाणही चालेल असं गृहीत धरलं की घोटाळा होतो. नियम तीन गोष्टींना स्वतंत्रपणे लागू होतात: वैमानिक, विमान आणि त्या दिवसाचं उड्डाण. तिन्ही एकाच वेळी नियमात बसल्या पाहिजेत. खाली त्याच क्रमाने जाऊ.

आधी नावांचा गोंधळ दूर करू. ‘रिक्रिएशनल पायलट’ आणि ‘स्पोर्ट पायलट’ ही एफएएची (अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक नियामक संस्थेची) दोन वेगळी सर्टिफिकेटं आहेत. रिक्रिएशनलला किमान ३० तासांचं उड्डाण आणि मेडिकल (एफएएचं वैद्यकीय प्रमाणपत्र) किंवा बेसिकमेड (त्याऐवजी नेहमीच्या डॉक्टरच्या तपासणीवर चालणारी सोय) लागतं, आणि वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय निघालेल्या विमानतळापासून ५० सागरी मैलांच्या पलीकडे जाता येत नाही. स्पोर्ट पायलट हे सर्टिफिकेट २००४ साली आलं. त्याला किमान २० तास पुरतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत मेडिकलऐवजी ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. हौस म्हणून उडणाऱ्याने विचार करायचा तो याच सर्टिफिकेटचा, म्हणून पुढचं सगळं त्याबद्दलच आहे.

आधी जुनी माहिती बाजूला ठेवा

जुनी पुस्तकं आणि जुने व्हिडिओ अजून सांगतात की स्पोर्ट पायलटने १,३२० पौंडांपर्यंतचं (६०० किलो), दोन आसनांचं, पक्क्या चाकांचं, १२० नॉटांपेक्षा वेगवान नसलेलं विमानच उडवायचं. ही २००४ ची व्याख्या आहे. जुलै २०२५ मध्ये एफएएने ‘मोझेक’ नावाचा नवा नियम जाहीर केला. त्यातला वैमानिकांचा भाग २२ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. विमानांच्या प्रमाणपत्रांसाठी २४ जुलै २०२६ ही तारीख आहे. दोन तारखा वेगळ्या असल्याने बोलताना लोक ‘वैमानिकाला काय उडवता येतं’ आणि ‘कारखान्याला लाइट स्पोर्ट म्हणून काय विकता येतं’ हे प्रश्न एकमेकांत मिसळतात. तुमचा प्रश्न पहिला आहे. दुसऱ्यासाठीचे आकडे निराळे आणि बरेच मोठे आहेत. ते स्वतःला लावू नका.

वैमानिक: लायसन्स आणि तब्येत

अमेरिकेतल्या राज्याने दिलेलं, मुदतीत असलेलं ड्रायव्हिंग लायसन्स मेडिकलच्या जागी चालतं. परदेशी लायसन्स चालत नाही. लायसन्सवरचे निर्बंध विमानातही तसेच लागू राहतात: चष्मा लावूनच गाडी चालवायची असं लिहिलं असेल, तर विमानही चष्मा लावूनच. कोर्टाने लायसन्स निलंबित केलं, तर तुमचं उडणंही त्याच दिवशी थांबलं.

यातला सगळ्यात महागात पडणारा सापळा नीट समजून घ्या. एफएए मेडिकलसाठी तुम्ही कधी अर्ज केला असेल, तर शेवटच्या अर्जात तुम्ही पात्र ठरलेले असायला हवेत. अर्ज नाकारला गेला, किंवा मिळालेलं मेडिकल रद्द वा निलंबित झालं, तर ड्रायव्हिंग लायसन्सचा रस्ता बंद होतो. मेडिकलची मुदत नुसती संपली असेल तर मात्र अडचण नाही. म्हणून मधुमेह, हृदयाचा त्रास, मानसिक आजारावरची औषधं असं काही असेल आणि स्पोर्ट पायलट एवढंच ध्येय असेल, तर ‘बघू तरी पास होतोय का’ म्हणून मेडिकलला बसू नका. आधी विमानवैद्यकीय तपासनिसाचा निव्वळ सल्ला घ्या. अर्ज भरला की तो नोंदला जातो.

लायसन्स आहे म्हणून तब्येतीची जबाबदारी संपत नाही. सुरक्षितपणे उडता येणार नाही असा काही त्रास तुम्हाला माहीत असेल, किंवा माहीत असायला हवा असेल, तर तुम्ही जमिनीवर. झोप आणणारी सर्दीची गोळी घेतली असेल तर तेही यातच येतं. दारू प्यायल्यावर किमान ८ तास उडायचं नाही आणि रक्तातलं प्रमाण ०.०४ टक्क्यांच्या खाली हवं. दोन्ही अटी एकत्र लागू आहेत, कुठलीही एक नव्हे.

ज्यांच्याकडे प्रायव्हेट पायलट सर्टिफिकेट आहे पण मेडिकल संपलंय, ते ड्रायव्हिंग लायसन्सवर स्पोर्ट पायलटच्या मर्यादेत उडू शकतात. ज्या श्रेणीचं आणि वर्गाचं (उदा. एका इंजिनाचं, जमिनीवर उतरणारं विमान) रेटिंग आहे, त्यात त्यांना स्पोर्ट पायलटची खास एन्डॉर्समेंटं (लॉगबुकातल्या इन्स्ट्रक्टरच्या सह्या) वेगळी घ्यावी लागत नाहीत. मर्यादा मात्र सगळ्या पाळाव्या लागतात: एकच प्रवासी, दिवसाच. जुन्या सवयीने तीन जणांना घेऊन निघणं हा नियमभंगच आहे.

शिकताना किती तास, कसले तास

विमानासाठी वयाची अट १७ वर्षं. शिकाऊ म्हणून एकट्याने उडायला १६. इंग्रजी वाचता, बोलता, समजता आलं पाहिजे. अमेरिकेचे नागरिक नसलेल्यांनी उड्डाणाचं शिक्षण सुरू करण्याआधी टीएसएच्या (अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेच्या) मंजुरीचं काम पुरं करावं; ग्रीन कार्डधारकही इथे नागरिक नसलेल्यांतच मोजले जातात. हे राहून गेलं तर इन्स्ट्रक्टर पहिला धडाच देऊ शकत नाही.

२० तासांत १५ तास इन्स्ट्रक्टरसोबत आणि ५ तास एकट्याने. इन्स्ट्रक्टरसोबतच्या तासांत २ तास दूरच्या प्रवासाचे हवेत. पूर्ण थांबून केलेली १० लँडिंगं हवीत. एकट्याने केलेला एक प्रवास एकूण किमान ७५ सागरी मैलांचा, किमान दोन ठिकाणी पूर्ण थांबून उतरलेला, आणि त्यातला एक टप्पा सरळ रेषेत किमान २५ सागरी मैलांचा असावा लागतो. लोक इथेच अडकतात: एकूण ७५ भरतात, पण कुठलाच टप्पा २५ चा नसतो, आणि परीक्षेच्या दिवशी परीक्षक लॉगबुक बघून परत पाठवतो. नकाशावर मार्ग आखतानाच सर्वांत लांब टप्पा २८–३० मैलांचा ठेवा.

लेखी परीक्षेत ४० प्रश्न, पास व्हायला ७० टक्के. मग तोंडी आणि प्रत्यक्ष उड्डाणाची परीक्षा. २० तास हा कायद्याचा किमान आकडा आहे. गर्दीच्या विमानतळावर शिकणाऱ्याने किंवा आठवड्याला एकदाच उडणाऱ्याने वेळेचा आणि पैशांचा हिशेब त्यावर बांधू नये.

लॉगबुक: तुमच्या परवानगीचा खरा कागद

स्पोर्ट पायलटच्या कार्डावरून तुम्हाला नेमकं काय करता येतं ते सगळं कळत नाही. ते इन्स्ट्रक्टरने लॉगबुकात सही करून दिलेल्या एन्डॉर्समेंटवर ठरतं. म्हणून स्पोर्ट पायलटला प्रत्येक उड्डाणात लॉगबुक किंवा एन्डॉर्समेंटचा दुसरा पुरावा जवळ ठेवावा लागतो. प्रायव्हेट पायलटला तशी सक्ती नाही. त्या पानांचे फोटो फोनमध्ये ठेवा, आणि छापील प्रत विमानाच्या कागदांसोबत.

विमानाच्या वेगाची एन्डॉर्समेंट विसरू नका. सरळ उड्डाणातला कमाल वेग ८७ नॉटांपर्यंत असलेली विमानं हा एक गट, त्यापुढची दुसरा. तुम्ही संथ, उघड्या विमानावर शिकलात आणि भाड्याने ११० नॉटांचं घेतलंत, तर त्या दुसऱ्या गटाचं प्रशिक्षण आणि सही हवी. टेलव्हीलची (तिसरं चाक शेपटीखाली असलेल्या विमानाची) सही वेगळी. मागे घेता येणारी चाकं आणि उड्डाणात बदलता येणारा प्रोपेलर आता स्पोर्ट पायलटला खुले आहेत, पण प्रशिक्षण आणि सही घेतल्यावरच.

नियंत्रित हवाई हद्दीची एन्डॉर्समेंट शिकतानाच घेऊन टाका. क्लास बी, सी, डी (मोठ्या विमानतळांभोवतीच्या नियंत्रित हद्दी), किंवा टॉवर असलेला कुठलाही विमानतळ, हे स्पोर्ट पायलटला तिच्याशिवाय बंद आहेत. प्रशिक्षणात रेडिओ, दिशाशोधन, रडारसेवा, आणि टॉवरच्या विमानतळावर पॅटर्नमध्ये (धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत) पूर्ण थांबून केलेली तीन लँडिंगं येतात. एवढ्यासाठी ती पुढे ढकलली, तर हवा बिघडल्यावर सगळ्यात जवळची लांब धावपट्टी नेमकी टॉवरची निघते आणि वैमानिक तिथे वळायला कचरतो. (खऱ्या आणीबाणीत जीव वाचवायला लागेल तेवढा नियम मोडायची मुभा आहे. तिथे कचरू नका.) सही असली तरी अटलांटा, शिकागो ओ’हेअर, लॉस एंजलिस, सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क जेएफके अशा काही विमानतळांवर उतरायला किमान प्रायव्हेट पायलट सर्टिफिकेट लागतंच.

सराव ताजा ठेवण्याचे दोन नियम: दर २४ कॅलेंडर महिन्यांत फ्लाइट रिव्ह्यू, त्यात किमान एक तास जमिनीवर आणि एक तास हवेत. आणि प्रवासी घ्यायचा असेल तर मागच्या ९० दिवसांत त्याच श्रेणीच्या आणि वर्गाच्या विमानात तीन टेकऑफ, तीन लँडिंग. टेलव्हील विमानात ही तिन्ही लँडिंगं पूर्ण थांबून.

विमान: ५९ नॉट कुठे बघायचे

नव्या नियमात वजनाची मर्यादा गेली. विमानासाठी कळीचा आकडा एकच: फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) न उघडता, कमाल मान्य वजनावर आणि सर्वांत प्रतिकूल गुरुत्वमध्यावर स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमान तोलू शकत नाहीत) ५९ नॉट कॅलिब्रेटेड किंवा त्याहून कमी. आसनं चारपर्यंत, केबिन दाबविरहित.

‘कॅलिब्रेटेड’ या शब्दावर थांबा. काट्यावर दिसतो तो इंडिकेटेड वेग; त्यातली मोजमापाची चूक काढली की तो कॅलिब्रेटेड. स्टॉलच्या जवळ विमानाचं नाक वर असतं, वेग मोजणारी पिटो नळी वाऱ्याला तिरकी पडते, आणि काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. सेसना १७२ एसच्या पुस्तिकेत फ्लॅपविना स्टॉल इंडिकेटेड ४८ आणि कॅलिब्रेटेड ५३ नॉट आहे: पाच नॉटांचा फरक. हे विमान आरामात बसतं. पण ज्याच्या वेगमापकावरचा हिरवा पट्टा (त्याची सुरुवात म्हणजे फ्लॅपविना स्टॉल) ५६ ला सुरू होतो, ते काट्यावर बसल्यासारखं दिसेल आणि कॅलिब्रेटेडमध्ये ६० च्या पुढे गेलेलं असू शकेल. म्हणून पट्टा बघून ठरवू नका. पुस्तिकेच्या कामगिरीच्या प्रकरणातला स्टॉलचा तक्ता उघडा. जुन्या विमानांत वेग ताशी मैलांत असतो. ५९ नॉट म्हणजे सुमारे ६८ मैल. व्होर्टेक्स जनरेटर (पंखावरच्या छोट्या उभ्या पट्ट्या) बसवून स्टॉल खाली आला असेल, तर तो आकडा मान्य कागदपत्रांत लिहिलेला असला पाहिजे. विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

विमान चार आसनांचं असलं तरी प्रवासी एकच. मागची दोन आसनं सामानासाठी.

कारखान्यातून तयार आलेलं लाइट स्पोर्ट विमान प्रशिक्षणाला आणि भाड्याने देता येतं, पण पैसे घेऊन प्रशिक्षणासाठी वापरलं तर दर १०० तासांनी तपासणी लागते. शिवाय दर १२ कॅलेंडर महिन्यांत वार्षिक तपासणी असतेच. विमानासोबत ऑपरेटिंग लिमिटेशन्सची (त्या विमानाच्या वापराच्या अटींची) पानं असतात, आणि ती विमानात असणं सक्तीचं आहे. त्यात ‘फक्त दिवसा’ किंवा ‘कसरती मना’ असं लिहिलं असेल, तर तुमच्या लॉगबुकातली कुठलीही सही त्यावर मात करत नाही. पहिल्यांदा विमान भाड्याने घेताना बहुतेक जण चाव्या आणि इंधन बघतात. आधी ही पानं मागा.

वजन: दोन माणसं आणि भरलेली टाकी

हा हिशेब दर वेळी कागदावर करा. १,३२० पौंडांच्या विमानाचं रिकामं वजन समजा ८५० पौंड. उरले ४७०. पेट्रोल गॅलनला ६ पौंड धरतात. २४ गॅलनांची टाकी भरली की १४४ गेले. उरले ३२६, म्हणजे दोघांना मिळून १४८ किलो, कपडे, बूट, हेडसेट, पाण्याच्या बाटल्यांसकट. दोन धडधाकट माणसं यात बसत नाहीत. उपाय टाकी अर्धी भरण्याचा: ७२ पौंड सुटतात आणि हिशेब जुळतो, पण मग पल्ला अर्धा झाला हे मार्ग आखताना लक्षात ठेवायचं.

वजनाचा हिशेब जुळला तरी गुरुत्वमध्य वेगळा तपासा. आसनांमागच्या कप्प्यात २० किलोची बॅग टाकली की एकूण वजन मर्यादेत राहूनही मध्य मागे सरकतो. मग नाक हलकं लागतं, आणि स्टॉलमधून बाहेर येणं अवघड होतं.

गरम दिवशी उंचावरच्या धावपट्टीवर आणखी एक हिशेब. ५,००० फुटांवर प्रमाण तापमान ५ अंश सेल्सिअस. तिथे ३० अंश असतील तर फरक २५. दर अंशाला अंदाजे १२० फूट धरा: ३,००० फूट वाढले, म्हणजे विमानाला ती हवा ८,००० फुटांसारखी वाटते. पुस्तिकेतलं टेकऑफचं अंतर त्या उंचीवर वाचा, धावपट्टीच्या उंचीवर नाही.

आजचं उड्डाण: उजेड, दृश्यता, उंची, हद्द

रात्र म्हणजे काय, याची नियमांत एक नव्हे तर तीन उत्तरं आहेत. सूर्यास्तापासून विमानाचे पोझिशन दिवे लागलेच पाहिजेत. ‘रात्र’ सुरू होते ती संध्याकाळचा नागरी संधिप्रकाश (सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतचा उजेड) संपल्यावर. प्रवासी घेण्याच्या सरावाची रात्र सूर्यास्तानंतर एका तासाने सुरू होते. म्हणजे विमानाला दिवे असतील तर स्पोर्ट पायलटला सूर्यास्तानंतर थोडा वेळ मिळतो. दिवे नसतील तर सूर्यास्ताला चाकं जमिनीवर. रात्री उडायची परवानगी आता मिळू शकते, पण त्यासाठी इन्स्ट्रक्टरसोबत रात्रीचे ३ तास, किमान २५ सागरी मैलांचा एक प्रवास, १० टेकऑफ-लँडिंगं, सही, आणि मेडिकल किंवा बेसिकमेड लागतं. इथे नुसतं ड्रायव्हिंग लायसन्स पुरत नाही.

दृश्यता सगळीकडे किमान ३ मैल (जमिनीवरचे मैल, सागरी नाहीत), आणि जमीन डोळ्यांना दिसत राहिली पाहिजे. क्लास जी (अनियंत्रित) हद्दीत दिवसा इतर वैमानिकांना १ मैल चालतो, तुम्हाला नाही. स्पेशल व्हीएफआर (कमी दृश्यतेत डोळ्यांनी बघत उडण्याची नियंत्रकाची खास परवानगी) मागून १ मैलात निघणं, तेही नाही. खाली ढगांची अखंड चादर असताना तिच्यावरून ऊन खात जाणं प्रायव्हेट पायलटला चालतं. स्पोर्ट पायलटला मनाई आहे. १०,००० फुटांखाली क्लास ई (टॉवर नसलेल्या नियंत्रित) हद्दीत ढगांपासून ५०० फूट खाली, १,००० फूट वर, २,००० फूट बाजूला राहा.

उंची: समुद्रसपाटीपासून १०,००० फूट, किंवा जमिनीपासून २,००० फूट, यात जे जास्त असेल ते. ११,००० फुटांच्या डोंगरावरून जाताना १३,००० फुटांपर्यंत जाता येतं. पण १०,००० च्या वर, जमिनीपासून १,२०० फुटांपलीकडे दृश्यता ५ मैल लागते, आणि १२,५०० च्या वर अर्ध्या तासापेक्षा जास्त राहिलात तर ऑक्सिजन. खालची बाजूही पाळा: वस्तीवरून जाताना २,००० फुटांच्या परिघातल्या सर्वांत उंच अडथळ्याच्या १,००० फूट वर.

निघण्याआधी तात्पुरते निर्बंध बघा. स्टेडियमचा नियम बहुतेकांना माहीत नसतो: ३०,००० किंवा अधिक आसनांच्या मैदानावर मोठ्या लीगची बेसबॉल, अमेरिकन फुटबॉल लढत असली की एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत ३ सागरी मैल आणि ३,००० फूट बंद. सामना लांबला की निर्बंधही लांबतो, म्हणून शनिवारी-रविवारी मार्गातल्या शहरांचं सामन्यांचं वेळापत्रकच बघून ठेवा. वॉशिंग्टनच्या डीसीए व्हीओआरपासून (विमानतळाच्या रेडिओ दिशादर्शक केंद्रापासून) ६० सागरी मैलांच्या आत व्हीएफआर (डोळ्यांनी बघत) उडायला खास प्रशिक्षण लागतं.

प्रवासी आणि पैसे

पैसे घेऊन उडता येत नाही. प्रवाशासोबत खर्च वाटता येतो, पण फक्त इंधन, तेल, विमानतळाचे आकार आणि विमानाचं भाडं. निम्मा वाटा तुमचाच. १८० डॉलर खर्च आला तर प्रवाशाकडून ९० पेक्षा एक पैसाही जास्त नाही, आणि हँगरचं भाडं किंवा विम्याचा हप्ता या हिशेबात धरायचा नाही. कामाच्या बैठकीला विमानाने जाणं, विक्रेता म्हणून ग्राहकाला विमान दाखवायला उडणं, ग्लायडर ओढणं, धर्मादाय संस्थेच्या सहली घडवणं, हे सगळं बंद. अमेरिकेबाहेर जायचं तर त्या देशाची आधी परवानगी.

इंधन, शेवटची तपासणी

नियम सांगतो: दिवसा ठिकाणी पोहोचल्यावर नेहमीच्या वेगाने ३० मिनिटं पुरेल इतकं इंधन, रात्री ४५. तासाला ५ गॅलन खाणाऱ्या इंजिनाला ३० मिनिटं म्हणजे अडीच गॅलन. उथळ टाकीत अडीच गॅलन म्हणजे विमान जरा कललं की काटा शून्याला टेकतो. काट्यावर भरवसा न ठेवता खुणा केलेली काठी टाकीत बुडवून मोजा, विमान सपाट जागेवर उभं असताना. आणि राखीव एक तास धरा. ज्या विमानाची टाकी वजनापायी अर्धीच भरली आहे, त्याच्या बाबतीत समोरून वारा १५ नॉट असला तर हा राखीव तासच मधल्या विमानतळावर थांबून इंधन घ्यायचं की नाही हे ठरवतो. तो थांबा निघण्याआधीच नकाशावर खूण करून ठेवा, तिथला पंप चालू आहे का हे फोन करून विचारा, आणि उतरायला टॉवरची सही लागते का तेही बघा.